वाऱ्याची तारीख

घाटकोपर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

रश्मी,

जय भीम. पाकीट बघून दचकू नको, कोणी मेलेलं नाही. तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस म्हणून पोस्टाचा रस्ता धरला. काल जाऊन चौकशी केली. खिडकीतल्या बाईने पत्ता वाचून विचारलं, "ओक्लाहोमा कुठे आलं?" म्हटलं, "अमेरिकेत. वादळं होतात तिथे." ती म्हणाली, "मग पत्र उडून जाईल की." लोकांना थट्टा सुचते.

मी चौथी पास, तीही बाईंनी दया केली म्हणून. अक्षर लागेल तसं वाच.

गेल्या मेपासून तू माझ्याशी बोलली नाहीस. का, तर मी तुझ्या सरांना फोन केला. केला. परत वेळ आली तर परत करीन. जगातली माणसं वादळ दिसलं की घरात पळतात. तू आणि तुझे सर गाडी काढून त्याच्या मागे पळता. ते वादळ काय तुमचे पैसे घेऊन पळालंय का? तुझ्या व्हिसाच्या फायलीत सरांचा नंबर होता, मी लावला. सांगितलं, "माय डॉटर ओन्ली वन. नो गो वादळ. प्लीज सर." तो माणूस तुझ्यापेक्षा शहाणा. दोनतीनदा थँक्यू म्हणाला. त्यावर त्याने तुला त्या सीझनला कॉम्प्युटरवर बसवलं आणि बाकीची पोरं गेली, हा माझा दोष कसा? तू म्हणालीस, "मम्मी, तू माझं हसं केलंस." हसं झालं, हाडं शाबूत राहिली. मी हिशोब असाच करते.

तुझ्या पप्पांना तू ब्लॉक केलं नाहीस. त्यांना कशाला करशील. रविवारी तुझा फोन आला की ते गॅलरीत जातात. "हां. हां. बरं." मग आत. मी विचारते, काय म्हणाली? "बरी आहे." अर्धा तास पोरगी नुसती बरीच होती? ह्या माणसाने कंपनीच्या गेटवर उभं राहून जन्म काढला, आत कोण गेलं बाहेर कोण आलं ते कोणाला सांगायचं नाही, तीच सवय घरात.

आता कामाचं. समोरची माधुरी, तिच्या सुयोगचं लग्न ठरलंय. मुलगी मुलुंडची, नीलम नाव, बँकेत आहे. मे महिन्यातला रविवार धरायचाय. आपल्यात मुहूर्त नाही, पंचांग नाही, मग तारीख कशावर ठरवायची? माधुरी माझ्याकडे आली. "कमल, तुझी रश्मी वाऱ्याचंच शिकते ना? तिला विचार, मे महिन्यात कुठल्या रविवारी वारा-वावटळ नाही. मैदानात मंडप घालायचाय."

म्हटलं, विचारते.

तर विचारलं असं समज. चार मे, अकरा मे, अठरा मे. पप्पांकडे निरोप दे.

मम्मी


रविवार, ९ मार्च

रश्मी,

निरोप नाही. ठीक आहे.

माधुरी रोज दारात. किती दिवस सांगू की फोन लागत नाही? शेवटी सांगितलं, अकरा मे. तिने लगेच साखर आणून तोंडात घातली.

तुला वाटेल मी थाप मारली. मी विचार करून सांगितलं.

इथे आता तुझं नाव मोठं झालंय. चंपामावशीने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. मी सहज म्हटलं, चारच्या आत उचल, वारा येईल. आला. शेजारच्या बिल्डिंगच्या दोन साड्या डोंगराच्या टोकाला गेल्या, एक अजून केबलच्या वायरीत आहे. मावशीच्या कुरडया डब्यात. तेव्हापासून नळावर बायका मला विचारतात. मिरच्या वाळत घालू का. गादी बाहेर काढू का. पत्र्यावरचं प्लास्टिक आता बदलू की मे अखेर. मी विचारणाऱ्याचं तोंड बघते आणि उत्तर देते.

लोकांना टोर्नेडो म्हणजे आपलं समुद्रावरचं चक्रीवादळ वाटतं. मी समजावलं. चक्रीवादळ पाहुण्यासारखं, चार दिवस आधी कळवून येतं, नाव पण सांगतं. टोर्नेडो पाकीटमारासारखा. आला कधी, घेतलं काय, गेला कुठे, सगळं नंतर कळतं. बरोबर ना? तूच सांगितलं होतंस, बोलत होतीस तेव्हा.

तेव्हा मी तुला एक साधी गोष्ट विचारली होती. जग तापलंय म्हणतात, मग ही वादळं वाढली की नाही? तू म्हणालीस, "तसं एका शब्दात सांगता येत नाही मम्मी." मी म्हटलं, एवढी वर्षं शिकून उत्तर येत नाही तर परत ये, इथे चपात्या लाट, निदान गोल झाली की नाही ते कळेल. तू फोन ठेवलास. तेव्हा नुसता ठेवायचीस, ब्लॉक नव्हतीस करत.

माझं अजून तेच म्हणणं आहे. वाढली तर वाढली म्हण.

अकरा मेचं काय ते कळव. हो किंवा नाही.

मम्मी


रविवार, ६ एप्रिल

रश्मी,

उकाडा असा की कँटीनच्या चपात्यांचं पीठ मळताना घामच पडतो परातीत. कँटीनवाल्यांना सांगू नको.

माधुरीने हॉल सोडला. वारा सुटला तर असावा म्हणून तिने हॉल पण धरून ठेवला होता, एसीवाला, अकरा तारखेचाच, मला माहीत नव्हतं. मला वाटलं मैदानच पक्कं आहे. ती म्हणाली, "रश्मीने वारा नाही सांगितलंय, मग कोंडून कशाला बसायचं? उघड्यावर सगळी वस्ती जेवेल." हॉल लगेच दुसऱ्या कोणाला गेला. सातआठशे माणसं येणार, आणि मंडपवाल्याने मोठी कमान सांगितलीय, वर दोघांचे फोटो, तीन मजली उंच.

आता तुला खरं सांगते. अकरा का सांगितली? चारला मनमाडला माझ्या भाच्याचं लग्न आहे. अठराला पाहुणे यायचेत. राहिली अकरा. सुयोगला मी लहानपणापासून खेळवलाय, त्याच्या लग्नाला मी नको?

आणखी एक सांगते, हसू नको. बायका विचारायला लागल्या, रश्मीचा फोन तुला कधी येतो, आम्हाला कधी ऐकू येत नाही. म्हणून मी रविवारी संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जाते आणि बोलते. जोरात. "हां रश्मी, जेवलीस? तिकडे काय हवा? बरं बरं, सांगते त्यांना." मग खाली उतरते, तोवर दोघीतिघी जिन्यात हजर. मी त्यांना आठवड्याची हवा सांगते.

मागच्या रविवारी पप्पा वर आले. मी बोलतच होते. ते पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले. त्यांच्या खिशात त्यांचा फोन वाजला. तुझा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी फोन उचलला, म्हणाले, "हां. मम्मी इथेच आहे. कामात आहे."

मला वाटलं, देतील माझ्या हातात. दिला नाही. तू नको म्हणालीस की त्यांना सुचलं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

सातआठशे माणसं, रश्मी. पोरं असतील, म्हाताऱ्या असतील. आता हा माझ्या तुझ्या भांडणाचा विषय राहिला नाही. एक ओळ पाठव.

मम्मी


रविवार, २७ एप्रिल

रश्मी,

तुझी ओळ मिळाली. मागच्या रविवारी पप्पा गॅलरीतून आत आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "रश्मीने पत्रं वाचली. तुझ्यासाठी निरोप आहे." मी गॅस बंद केला. म्हणाले, "ती म्हणाली, इतक्या आधी कोणालाच सांगता येत नाही."

मी म्हटलं, एवढंच? ह्यासाठी मी पोस्टाची तिकिटं चाटतेय?

मग ते बोलले. लग्नाला एवढी वर्षं झाली, इतकं सलग बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही. तू सांगितलेलं सगळं डोक्यात धरून ठेवलं होतं त्यांनी, पण सांगायचं कसं ते कळत नव्हतं, म्हणून माझ्या चुलीपाशी आणून सांगितलं. जग तापलं, हवेत ओल वाढली, म्हणजे लाकडं जास्त झाली. पण नुसत्या लाकडांनी आग लागत नाही, काडी लागते. वरचा वारा एकीकडे, खालचा दुसरीकडे, त्यांची ओढाताण म्हणजे ती काडी. आणि ती काडी कमी होतेय की काय, ते अजून नक्की नाही. म्हणून तू एका शब्दात सांगत नाहीस.

मी विचारलं, मग आकडा तरी वाढला की नाही? म्हणाले, फारसा नाही, पण जुना आकडाच कच्चा. पूर्वी रानात वादळ पडलं तर बघायला कोण होतं? आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल. हे मला लगेच पटलं. आपल्या गल्लीत सीसीटीव्ही लागल्यापासून भांडणं वाढली म्हणतात. भांडणं होती तेवढीच आहेत, फक्त आता पुरावा असतो.

आणि म्हणाले, वादळाचे दिवस कमी झालेत, पण ज्या दिवशी येतात त्या दिवशी झुंडीने येतात. म्हटलं, हे तर डोंगरावरच्या पाण्यासारखं. चार दिवस नळ कोरडा, पाचव्या दिवशी असा फोर्स की बादली उलटते. आणि जागा पण बदलतायत म्हणे, नकाशात उजवीकडे सरकतायत, जिथे वस्ती दाट आहे आणि घरं हलकी आहेत. हे ऐकून मी खिडकीतून वस्तीच्या पत्र्यांकडे बघितलं.

सगळं कळलं आणि तरी मी कोणाला काही बोलले नाही. हे पण लिहिते, उगाच चांगली दिसायला नको. वाटलं, अकराला वारा नाहीच आला तर? कशाला स्वतःची पत घालवू?

मग गुरुवारी नीलमची आत्या आली मुलुंडहून, मैदान बघायला. मीराबाई. रिटायर नर्स, चष्मा दोरीला बांधलेला. माधुरीने कौतुकाने माझी ओळख करून दिली, "ह्यांनीच तारीख काढून दिली." मीराबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तारीख काढून दिली? आमच्या घरी भटजी बंद होऊन तीन पिढ्या झाल्या. तुमच्याकडे नवीन बसवला होय?"

बायका हसल्या. मी पण हसले. घरी आले आणि ताट तसंच सारलं.

रश्मी, तुझ्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा त्यांच्या आईने त्यांना घराबाहेर काढलं होतं. ते म्हणायचे, कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, विचारायचं, कशावरून? आणि मी त्यांची मुलगी, गच्चीवर बंद फोन कानाला लावून लोकांना दिवस काढून देतेय. एकीने पण मला विचारलं नाही, कशावरून? त्यांचं तरी काय चुकलं, मी तर विचारू देतच नव्हते.

आज सकाळी विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, बसा जरा. रश्मी माझ्याशी बोलत नाही. गेल्या मेपासून. तिने अकरा तारीख सांगितलेली नाही, मी सांगितली. चारला मला मनमाडला जायचं होतं.

मग चंपामावशी म्हणाली, "आणि माझ्या कुरडया?"

"मावशी, उन्हाळ्यात चारला वारा रोजच सुटतो. तुझं लक्ष नसतं."

"मग गच्चीवर कोणाशी बोलायचीस गं?"

"कोणाशीच नाही."

"पण तू मध्ये थांबायचीस. हसायचीस पण."

"मग समोरच्याला बोलू द्यायला नको?"

यावर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

माधुरी लाल झाली होती. "कमल, माझा हॉल गेला. एसी होता. आता काय करू? वारा येईल की नाही?"

सगळ्या परत माझ्याच तोंडाकडे बघायला लागल्या. आत्ताच एवढं सांगितलं आणि तरी. मी म्हटलं, "सांगता येत नाही." बोलायला एवढं जड वाक्य मी जन्मात बोलले नव्हते. तू हे रोज कशी बोलतेस?

माधुरी म्हणाली, "हे काय उत्तर झालं?" अगदी माझ्याच सुरात.

तेव्हा मागून तुझे पप्पा उठले. भर सभेत. म्हणाले, "रश्मीने सांगितलंय. येईल की नाही ते आज कळत नाही, पण आला तर काय, ते आज ठरवता येतं. कमान नको. मंडप बुटका बांधा, बाजूची कापडं ओढली की सुटतील अशी. दोन दिवसांवर आलं की हवामान खात्याचं बघा, त्या दिवशी तासातासाला बघा. ढग काळा दिसला की ताट सोडून माणसं विहारात." आणि बसले. लोकांना वाटलं खंडूभाऊंना बरं नाही की काय.

मंडप बुटका ठरला. कमान रद्द. नवरा-नवरीचा फोटो आता विहाराच्या भिंतीला लावणार. सुयोग खूश झाला, त्याला तो फोटो आवडलाच नव्हता.

माधुरी माझ्याशी बोलत नाही. तू नाहीस, ती नाही, राहिले पप्पा. म्हणजे बघ माझी काय अवस्था आहे.

मम्मी


मंगळवार, १३ मे

रश्मी,

फोनवर बोललो तरी हे पत्र लिहितेच, कारण फोनवर मी तुझ्याशी काही बोललेच नाही.

आधी लग्नाचं. अकराला पान हललं नाही. वारा म्हणून नाही. खात्याने सकाळी पिवळा इशारा दिला, दुपारी काढून घेतला. बुटक्या मंडपात सातशे माणसं, तंदुरीत कोंबड्या भाजाव्यात तशी. बौद्धाचार्यांनी मंगलगाथा अशा वेगाने म्हटली की नवरा-नवरीला उभं राहायला पण वेळ मिळाला नाही. सुयोगचा सूट अंगाला चिकटला, तो सोडवायला दोघं लागले. मीराबाई लग्नपत्रिकेने वारा घेत म्हणाल्या, "भटजीबाई, थोडी झुळूक तरी काढायची होतीत." म्हटलं, "दक्षिणा आली नाही." त्या एवढ्या हसल्या की चष्मा दोरीला लोंबकळला.

माधुरी वाढता वाढता माझ्या ताटाशी थांबली, दोन जिलब्या टाकल्या आणि म्हणाली, "उंच मंडप असता तर हवा खेळली असती." एवढंच. पण बोलली. काल पौर्णिमेचा कार्यक्रम त्याच मंडपात झाला, आणि आज दुपारी मंडपवाला दोऱ्या सोडत होता तेव्हा वारा आला आणि एक आख्खं कापड विहाराच्या छपरावर नेऊन टाकलं. मी गॅलरीत उभी होते. माधुरी तिच्या गॅलरीत. आम्ही दोघींनी ते कापड बघितलं आणि आपापल्या घरात गेलो.

आता सकाळचं. सहाला नळावर होते. फोन वाजला, तुझं नाव. हात ओला, उचलायला गेले तर पहिल्यांदा कट झाला. परत वाजेस्तोवर मी किती म्हातारी झाले ते चंपामावशीला विचार.

तू "मम्मी" पण म्हणाली नाहीस. म्हणालीस, "बघ," आणि फोन फिरवलास.

आधी नुसतं रान. एवढं सपाट की त्याला काही हद्दच नाही. मग ढग, आणि ढगाच्या खाली ते. गिरणीत पीठ पडतं ना चक्कीतून पिशवीत, तसं दिसलं, फक्त पीठ वर चाललं होतं. आवाज नाही. मला वाटलं आवाज असेल. आणि सुंदर होतं गं. हे मी कोणापुढे बोलणार नाही. असं काही माणसाच्या घरावर जात असेल तर ते सुंदर असायला नको होतं.

बायका कळशा सोडून माझ्या खांद्यावर चढल्या. माधुरी म्हणाली, "हे आपल्याकडे येतं का गं रश्मी?" तू म्हणालीस, "क्वचित येतं, मावशी. असं मोठं सहसा नाही." मग चंपामावशी, "जग तापलं म्हणून वाढलेत ना हे?" आणि तू तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "तसं नसतं मावशी. लाकडं वाढलीत, काडीचं नक्की नाही."

तू फोन परत तुझ्याकडे वळवलास आणि हसलीस. किती महिन्यांनी ऐकलं. तुझा समोरचा दात मोडलाय थोडा, कधी मोडला?

मग तुझ्या मागे ते तुझ्याच बाजूला वळल्यासारखं मला दिसलं. मागून कोणीतरी इंग्लिशमध्ये काही ओरडलं, तू म्हणालीस, "निघतोय आम्ही, मम्मी," आणि रेंज गेली. माझ्या कळशीतून पाणी वाहून जात होतं, कोणी नळ बंद केला नाही. पाऊण तासाने पप्पांच्या फोनवर तुझा मेसेज आला, पोचले. त्यांनी तो वाचला आणि पहिल्यांदा न विचारता फोन माझ्या हातात दिला.

त्या फोनवर मी तुला एकदाही "मागे फिर" म्हटलं नाही, लक्षात आलं का? ओठापर्यंत आलं होतं. पदर तोंडात होता माझ्या, बायकांना वाटलं मी रडतेय. बोलले असते तर तू परत दाखवलं नसतंस.

म्हणून असं ठरवलंय. तुझा फोन आला की मी गप्प बघणार. सरांना फोन करणार नाही, तो नंबर पप्पांनी कुठेतरी लपवून ठेवलाय आणि ते सांगणाऱ्यातले नाहीत. पण मी आई आहे, माझ्या पोटातलं कुठेतरी निघायला पाहिजे, ते मी पत्रात काढणार. पत्र तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर ते वादळ कुठल्या कुठे गेलेलं असेल, म्हणजे तुझ्या कामात अडथळा नाही आणि सरांपुढे हसं नाही.

तर आता ऐक. रश्मे, मागे फिर. मूर्ख मुली, गाडी वळव म्हणते ना.

मम्मी